डोंगराळ आणि एकाकी प्रदेशांतील माणसे खरोखर अधिक स्वावलंबी असतात का?

समोच्चरेषा (मूळ प्रश्न)

गेले काही महिने मी डोंगराळ आणि एकाकी प्रदेशांच्या सामाजिक इतिहासाविषयी जमेल तसे वाचत आहे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच विधान शब्द बदलून समोर येते : जमीन खडतर, वाटा बिकट, बाहेरची मदत वेळेवर पोहोचण्याची शाश्वती नाही, म्हणून तिथली माणसे स्वावलंबी. आइसलँडविषयी हेच लिहिलेले असते, आल्प्समधील दऱ्यांविषयी हेच, लडाखविषयी आणि अमेरिकेतील अ‍ॅपलाचिया पर्वतराजीविषयीही हेच. एकच स्पष्टीकरण इतक्या सहजपणे सगळीकडे बसू लागले की ते काही स्पष्ट करते आहे की नुसते कौतुक करते आहे, अशी शंका मला येते.

माझी पहिली अडचण अशी की भूरचनेपासून संस्कृतीपर्यंतचा प्रवास कुणी नीट सांगत नाही. बर्फाने खिंड बंद झाली की माणसाला वैरण साठवावी लागते, छप्पर स्वतः दुरुस्त करावे लागते, हे समजण्यासारखे आहे. पण ती गरज झाली. रस्ता, वीज, दवाखाना आल्यानंतरही वृत्ती मागे उरते आणि पुढच्या पिढीत उतरते असे म्हणायचे असेल, तर ती कशातून उतरते हेही सांगायला हवे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील ३३ लाखांहून अधिक लोकांच्या व्यक्तिमत्त्वचाचण्या त्यांच्या राहत्या भागाच्या भूरचनेशी ताडून पाहण्यात आल्या होत्या. डोंगराळ भागातील माणसे सरासरीने कमी बहिर्मुख, दुसऱ्यांशी जुळवून घेण्यास कमी उत्सुक, परंतु नव्या अनुभवांना अधिक मोकळी आढळली. मात्र हे फरक आकाराने लहान होते, आणि तशा फरकांवर एवढ्या मोठ्या विधानाचा डोलारा उभा राहील असे मला वाटत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. डोंगर सारखेच असताना परिणाम सारखे दिसत नाहीत. स्वित्झर्लंडमधील उरी या प्रांतात सगळे पुरुष मोकळ्या मैदानात जमून हात वर करून निर्णय घेत, आणि ही सभा १९२८ सालापर्यंत चालली. ग्रीसच्या दक्षिण टोकावरील मानी द्वीपकल्पात त्याच काळाच्या बऱ्याच भागात शेजारी घराण्यांनी एकमेकांवर नेम धरण्यासाठी दगडी बुरूज बांधले. दोन्हींना आपण स्वावलंबनच म्हणायचे का?

या विषयाचा अभ्यास असलेल्या किंवा अशा प्रदेशात राहिलेल्या सदस्यांनी आपले मत मांडावे, ही विनंती.

पाणलोट

प्रश्नाची गाठ मला 'स्वावलंबन' या शब्दातच दिसते. त्यातील 'स्व' हा एकट्या माणसाचा आहे, घराचा आहे की वस्तीचा, हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. डोंगरातल्या एकट्या, काटक, कुणापुढे हात न पसरणाऱ्या माणसाचे चित्र आपल्याला आवडते. पण खडतर प्रदेशांतील जुन्या नोंदी पाहिल्या तर तिथे एकटा माणूस फार क्वचित आढळतो, कारण तो एका हिवाळ्यापलीकडे टिकणे कठीण असते. आढळते ती वस्ती, आणि वस्तीने स्वतःसाठी केलेले अत्यंत काटेकोर नियम.

स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातील ट्योर्बेल या गावाचे उदाहरण अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे, आणि ते तपशिलात पाहण्यासारखे आहे. १४८३ साली तेथील रहिवाशांनी एक लेखी करार करून उंचावरील उन्हाळी कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी संघ स्थापन केला. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला सामाईक कुरणावर हक्क मिळणार नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. १५१७ सालचा नियम त्याहून बोलका आहे : हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कुणीही उन्हाळ्यात वरच्या कुरणावर पाठवायच्या नाहीत. म्हणजे सामाईक गवतावर तुमचा वाटा किती, हे तुमच्या खाजगी गवताच्या गंजीवरून ठरणार. जो जास्त गाई पाठवील त्याला दंड, आणि दंड वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातला अर्धा हिस्सा. शेजाऱ्यावर विश्वास ठेवा असे सांगण्याऐवजी शेजाऱ्यावर नजर ठेवणे किफायतशीर करून ठेवलेले आहे! मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा दीर्घ अभ्यास केला, आणि सामाईक साधनसंपत्तीवरील कामासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तो आपल्या मांडणीत घेतला.

मूळ प्रश्नातील 'प्रवास' येथे दिसतो, असे मला वाटते. उतारावरची शेती छोट्या छोट्या तुकड्यांची असते, ती घराघराने करणेच सोयीचे. कुरण आणि जंगल मात्र विखुरलेले, कमी उत्पन्नाचे आणि कुंपण घालणे न परवडणारे, म्हणून ते सामाईक. पाण्याचे पाट कड्यांच्या अंगाने मैलोन्‌मैल आणावे लागतात, ते काम एका घराच्या आवाक्यातले नसते. भूरचना एवढेच ठरवते की कोणती कामे एकट्याने होतील आणि कोणती होणार नाहीत. त्या कामांसाठी माणसांनी जे नियम केले, ते टिकले तर पुढची पिढी त्यांतच वाढते, आणि मग बाहेरून आलेल्या माणसाला ती 'वृत्ती' वाटते.

लडाखमध्ये हीच रचना निराळ्या रूपात आहे. हिमनदीच्या वितळलेल्या पाण्यावर सगळे पीक अवलंबून, आणि वसंतात ते पाणी नेमके लागते तेव्हा अपुरे असते. म्हणून गावात चुरपोन नावाचा पाण्याचा कारभारी असतो, जो कुणाच्या शेताला कधी आणि किती वेळ पाणी मिळेल हे ठरवतो. शेळ्यामेंढ्या चारायला नेण्याचे काम घरे पाळीपाळीने करतात. जन्म, लग्न आणि मृत्यू या प्रसंगी धावून येणाऱ्या घरांचा गट, ज्याला फासपुन म्हणतात, तो ठरलेला असतो. एका कुलदैवताने बांधलेली ती घरे असतात आणि प्रेताची सगळी व्यवस्था तेच करतात, घरातल्या माणसांना त्यात हात घालावा लागत नाही. जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून अनेक भावांनी मिळून एकच पत्नी करण्याची प्रथाही तेथे होती, जी १९४१ सालच्या कायद्याने बंद करण्यात आली. हे सगळे एकत्र पाहिले की स्वावलंबनाची किंमत लक्षात येते : लग्न कुणाशी करायचे आणि पाणी कोणत्या प्रहरी सोडायचे, यांपैकी काहीही एकट्याच्या मर्जीवर राहत नाही.

आइसलँडचे उदाहरण आपण स्वतःच दिले आहे. तेथे मध्ययुगात 'हरेप्पुर' नावाचे विभाग होते, प्रत्येकात किमान २० करदाते शेतकरी. निराधारांना सांभाळण्याची जबाबदारी त्यांच्यावर असे, आणि रोगाने एखाद्याची चतुर्थांश किंवा त्याहून अधिक गुरे मेली तर नुकसानीचा अर्धा भार इतरांनी उचलायचा असा नियम होता. हा सरळसरळ विमा आहे. तिथल्या एकाकी शेतघरांची छायाचित्रे पाहताना हा विमा दिसत नाही, इतकेच.

शंकेखोर

पाणलोट यांचे विवेचन मला पटते, परंतु त्यांनी आणि मूळ प्रश्नकर्त्यांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे ती मला मान्य नाही : हे प्रदेश एकाकी होते, ही.

उरीचेच घ्या. १२३० च्या सुमारास शोलेनेन घळीवर पूल झाला आणि गॉटहार्ड खिंडीतून उत्तर युरोप आणि इटली यांच्यातील मालवाहतूक सुरू झाली. १२३१ साली उरीला थेट सम्राटाच्या अखत्यारीत घेणारी सनद मिळाली, म्हणजे मधल्या सरदारांच्या कचाट्यातून तो सुटला. या दोन तारखा एकमेकींना इतक्या खेटून आहेत हा योगायोग नसावा. सम्राटाला खिंड मोकळी हवी होती आणि ती मोकळी ठेवणे त्या दरीतल्या माणसांनाच शक्य होते. ओझ्याची जनावरे हाकणाऱ्यांचे तेथे संघ होते आणि टप्प्याटप्प्यावर माल पुढे नेण्याचा हक्क ते आपल्याकडे राखून होते. पुढच्या शतकांत याच दऱ्यांनी युरोपातल्या राजांना भाडोत्री सैनिक पुरवले आणि ती मजुरी घरी आली. अशा प्रदेशाला 'जगापासून तुटलेला' कसे म्हणावे? त्याची स्वायत्तता वाटेवर बसलेल्या माणसाची होती, वाट नसलेल्या माणसाची नव्हती. लेहचेही तेच. यारकंद, तिबेट, काश्मीर आणि पंजाब यांच्या मधोमध असलेली ती बाजारपेठ होती, पश्मीना लोकर तिच्यातून जात असे.

आइसलँड खरोखर दूर आहे, पण तेथील इतिहासातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. १२६२ साली आइसलँडच्या लोकांनी नॉर्वेच्या राजाचे वर्चस्व मान्य केले, तेव्हा करारात राजाकडून त्यांनी मागितलेल्या गोष्टींत जहाजे होती : पुढच्या दोन उन्हाळ्यांत नॉर्वेहून दरवर्षी सहा जहाजे आली पाहिजेत. ९३० साली स्वतःची लोकसभा स्थापन केलेल्या, राजाविना तीन शतकांहून अधिक काळ राहिलेल्या समाजाने सार्वभौमत्व देताना जहाजांची संख्या लिहून घेतली, कारण बेटावर मोठे लाकूड उरले नव्हते आणि धान्य पुरेसे पिकत नव्हते. पुढे १६०२ पासून १७८७ पर्यंत डेन्मार्कने तेथील व्यापाराची मक्तेदारी ठेवली. त्याच काळाच्या शेवटी, १७८३ साली, लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गवत विषारी झाले, गुरे मेली आणि दुष्काळात सुमारे एक पंचमांश माणसे मेली. पाणलोट यांनी सांगितलेला विमा अशा वेळी चालत नाही, कारण सगळ्यांचीच गुरे एकदम मेल्यावर भरपाई देणारा शेजारी उरत नाही. डोंगरातल्या परस्परसाहाय्याला ही मर्यादा असतेच. संकट सगळ्या दरीवर एकदम आले तर मदत दरीबाहेरूनच यावी लागते.

अ‍ॅपलाचियाविषयी तर मला तक्रारच आहे. तेथील माणसाला 'स्वतःच्या हिमतीवर जगणारा पहाडी' म्हणून रंगवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून आलेल्या लेखकांनी केले, आणि साधारण त्याच काळात लाकूड व कोळसा कंपन्या तिथल्या जमिनी आणि खनिजहक्क ताब्यात घेत होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले असंख्य लोक कंपनीच्या घरात राहत, कंपनीच्या दुकानात खरेदी करत. १९२१ साली वेस्ट व्हर्जिनियातील ब्लेअर पर्वतावर सुमारे १०,००० सशस्त्र खाणकामगार संघटनेच्या हक्कासाठी लढायला उभे राहिले. 'खडतर व्यक्तिवाद' हा शब्दप्रयोग १९२८ साली, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवर यांच्या निवडणूक-भाषणाने गाजला, आणि तेव्हापासून तो डोंगराळ प्रदेशांना चिकटवला जातो. पण ज्या माणसांना तो चिकटवला जातो त्यांनी तोपर्यंत संघटना बांधून झाली होती. एखाद्या प्रदेशाला फार आग्रहाने स्वावलंबी म्हटले जाऊ लागले की तेथे दवाखाना न काढण्याचे कारण कुणी शोधते आहे का, हे पाहावे.

जुना नकाशा

शंकेखोर यांनी वाटांविषयी लिहिले. मला राज्यसत्तेविषयी लिहायचे आहे, कारण मूळ प्रश्नातल्या दोन चित्रांमधला फरक, म्हणजे उरीची सभा आणि मानीचे बुरूज, मला तेथे सापडतो.

चढण ही करवसुली करणाऱ्याला महाग पडते. सपाटीवरच्या धान्याचा हिशेब लावता येतो, सैन्य महिनाभर त्यावर पोसता येते; उतारावर ठिकठिकाणी विखुरलेल्या पिकांसाठी आणि हिंडत्या कळपांसाठी तसा हिशेब बसत नाही. म्हणून अनेक साम्राज्यांनी डोंगर नावापुरते आपले म्हटले आणि प्रत्यक्षात सोडून दिले. मानीवर ऑटोमन सत्तेला कधीच पुरती पकड बसवता आली नाही. पण सत्ता नाही म्हणजे न्यायाधीशही नाही. पाण्याच्या झऱ्यावरून, कुरणाच्या सीमेवरून किंवा अपमानावरून तंटा झाला तर तो मिटवणार कोण? जॉर्जियातील वरच्या स्वानेतीत आणि उत्तर अल्बानियाच्या डोंगरांतही हाच प्रश्न होता, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर जवळपास सारखे निघाले : घराणे हेच पोलीस, घराणे हेच न्यायालय, आणि घराण्याचे घर हाच किल्ला. स्वानेतीतील चाझाशी या एका वस्तीत २०० हून अधिक मध्ययुगीन बुरूज-घरे आहेत, आणि १९९६ साली तो भाग जागतिक वारसा यादीत गेला. परचक्रापासून बचाव हा त्यांचा एक उपयोग. सूडाच्या काळात घरातल्या पुरुषांना आश्रय देणे हा दुसरा.

अल्बानियाच्या डोंगरी रूढीसंहितेत, ज्याला कानून म्हणतात, सूडाचे नियम आहेत आणि त्याच्याच शेजारी पाहुण्याचे नियमही आहेत. दारात आलेल्या परक्याला आसरा दिला की त्याच्या जिवाची जबाबदारी यजमानावर येते, आणि तो मारला गेला तर सूड यजमानाने घ्यायचा. वरवर पाहता या दोन टोकांच्या गोष्टी वाटतात, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. जिथे रात्री खिंडीत अडकलेल्या माणसाला वाचवणारी कोणतीही यंत्रणा नाही, तिथे प्रत्येक दार हीच यंत्रणा होते. आणि जिथे खून करणाऱ्याला पकडणारी यंत्रणा नाही, तिथे मृताचे भाऊ ती होतात. आतिथ्याचे गोडवे गाताना आपण दुसरी बाजू वगळतो, म्हणून हे लिहावेसे वाटले. उरीत मात्र खिंडीचा व्यापार होता, तो अव्याहत चालण्यात सगळ्यांचा लाभ होता आणि घराण्यांचे वैर त्या लाभाच्या आड येत होते. तेथे सभा टिकण्याचे हे एक कारण असावे. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

आफ्रिकेविषयी नॅथन नन आणि दिएगो पुगा या अर्थशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडलेला निष्कर्षही येथे नोंदवण्याजोगा आहे. जगभर सर्वसाधारणपणे जमीन जितकी खडबडीत तितके उत्पन्न कमी, कारण शेती आणि वाहतूक महाग पडते. आफ्रिकेत मात्र उलट संबंध आढळला. गुलामांच्या व्यापाऱ्यांपासून खडबडीत प्रदेशाने माणसांना लपण्याची जागा दिली, आणि ज्यांना तशी जागा मिळाली त्यांच्या समाजाची वीण कमी उसवली. मालीतील बांदियागारा कड्याच्या आधाराने राहिलेले डोगोन लोक या दृष्टीने आठवतात. म्हणजे काही ठिकाणी माणसे डोंगरात राहून स्वावलंबी झाली असे म्हणण्यापेक्षा, ज्यांना स्वतंत्र राहायचे होते ती डोंगरात गेली असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. कारण आणि परिणाम यांची जागा बदलते.

समोच्चरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'स्व' वस्तीचा आहे हे मला पटले, आणि एकाकीपणाविषयीचा आक्षेपही रास्त वाटतो. जुना नकाशा यांच्या शेवटच्या मुद्द्याने तर माझा प्रश्नच उलटा केला आहे.

तरीही एक भाग अनुत्तरित आहे. बाहेरचे जग येऊन पोहोचल्यावर अशा समाजाचे काय होते? शंकेखोर म्हणतात त्याप्रमाणे बाहेरचा धागा नेहमीच असतो, असे मानले तर मग तो जाड झाल्याने काही तुटते की नाही?

अर्धविराम

या प्रश्नाला दोन बेटांनी दिलेली दोन उत्तरे माझ्या माहितीत आहेत, आणि ती एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत.

पहिले सेंट किल्डा. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरवर, उभे कडे, झाड नाही, बोट लावायला धड जागा नाही. तेथील पुरुष कड्यांवरून दोराने उतरून समुद्रपक्षी आणि त्यांची अंडी गोळा करत, आणि जमीनमालकाचा खंड पिसे, तेल आणि लोकरी कापड यांच्या रूपाने भरत. दररोज सकाळी सगळे पुरुष जमून त्या दिवशी काय काम करायचे ते ठरवत. बाहेरच्या लोकांनी थट्टेने म्हणा किंवा कौतुकाने, या सभेला 'संसद' म्हटले. दोर सामाईक, पकडलेले पक्षी घराघरांत वाटून. साठवणीसाठी त्यांनी दगड रचून वाऱ्याला आत शिरू देणाऱ्या बुटक्या कोठ्या बांधल्या. मुख्य बेटावर त्या १,२०० हून अधिक आहेत. स्वावलंबनाचे याहून ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि तरीही १९३० च्या मे महिन्यात बेटावरच्या लोकांनी स्वतःच सरकारला अर्ज करून आपल्याला येथून हलवावे अशी विनंती केली. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेली ३६ माणसे बोटीत बसली.

हे का झाले, याचे कारण 'आधुनिक जगाचा मोह' या शब्दांत सांगण्याची पद्धत आहे, पण ते अपुरे आहे. १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले तेव्हापासूनच हातांची संख्या कमी होत होती. एकोणिसाव्या शतकात तेथे जन्मलेल्या बाळांपैकी फार मोठा हिस्सा धनुर्वाताने पहिल्या काही दिवसांतच दगावत असे. पहिल्या महायुद्धात नौदलाची तुकडी आणि बिनतारी केंद्र बेटावर आले, नियमित जहाजे आली, आणि युद्ध संपल्यावर ती गेली. त्यानंतर तरुण माणसेही जाऊ लागली. बोट ओढायला, दोर धरायला आणि मेंढ्या वळवायला ठरावीक संख्येने धडधाकट पुरुष लागतात. ती संख्या एका मर्यादेखाली गेली की व्यवस्था थोडी थोडी कमजोर होत नाही, ती एकदम बंद पडते. वर ज्याला वस्तीचा 'स्व' म्हटले आहे, त्याला अशी किमान संख्या असते हे मूळ विधानात कुठेच येत नाही. (मुख्य भूमीवर आणल्यानंतर यांपैकी काहींना वनखात्यात काम देण्यात आले. ज्यांनी आयुष्यभर झाड पाहिले नव्हते त्यांना झाडे लावायला पाठवण्याची कल्पना कुणाला सुचली असेल, याचे मला नेहमी नवल वाटते.)

दुसरे त्रिस्तान दा कून्या, दक्षिण अटलांटिकमधील ज्वालामुखीचे बेट, सर्वांत जवळच्या वस्तीपासून सुमारे २,४०० किलोमीटर दूर. १८१७ साली ब्रिटिश तुकडी परत निघाली तेव्हा विल्यम ग्लास आणि त्याचे काही सोबती मागे राहिले, आणि त्यांनी आपसांत लेखी करार केला : साठा आणि सामान सर्वांचे समान, नफा समान, आणि कुणीही दुसऱ्याहून वरचढ मानला जाणार नाही. बटाटे, मेंढ्या, मासे आणि जाणाऱ्या जहाजांशी वस्तूंची अदलाबदल यांवर ते जगले. ही अदलाबदल किती जिव्हाळ्याची होती ते १८८५ साली दिसले. एका जहाजाला गाठण्यासाठी होडी घेऊन गेलेले १५ पुरुष परतले नाहीत आणि बेटावर मागे मुख्यतः विधवा व मुले उरली. त्या जागी सेंट किल्डासारखा शेवट होऊ शकला असता, पण झाला नाही.

१९६१ च्या ऑक्टोबरमध्ये वस्तीच्या अगदी शेजारी ज्वालामुखी फुटला आणि सगळ्यांना इंग्लंडला नेण्यात आले. तेथे घरे मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, वीज आणि दुकाने होती. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झाले : परत जाण्याच्या बाजूने १४८, विरोधात ५. पुढच्या वर्षी बहुतेक सगळे परत गेले. यावर 'मातीची ओढ' असे लिहून मोकळे होता येते, परंतु मला येथेही हिशेब दिसतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस बेटावर शेवंडांचा कारखाना निघाला होता, म्हणजे विकायला काहीतरी होते आणि हातांत रोख पैसा येत होता. लाव्ह्याने तो कारखाना गिळला, तरी शेवंड समुद्रात होतेच. कारखाना पुन्हा उभा राहिला. सेंट किल्डाच्या पिसांना आणि तेलाला विसाव्या शतकात गिऱ्हाईक उरले नव्हते. एका बेटाकडे जगाला विकण्यासारखी वस्तू होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. त्रिस्तानवर आजही जमीन सामाईक आहे आणि बटाट्याचे वाफे घराघराचे आहेत, पण ही व्यवस्था चालवणारा पैसा केपटाउनहून सुमारे आठवडाभराचा प्रवास करून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून आहे. शंकेखोर यांचा धागा तो हाच, आणि येथे तो जाड झाल्याने तुटले काहीच नाही. त्याच्याच आधाराने बेट वसलेले राहिले.

शंकेखोर

अर्धविराम यांचा किमान संख्येचा मुद्दा मी आधी लक्षात घेतला नव्हता. पहाडी प्रदेशांतून तरुण बाहेर पडण्याविषयी आपण नेहमी भावनेच्या भाषेत बोलतो. दोर धरायला किती हात लागतात, असा प्रश्न विचारला तर धोक्याची पातळी बरीच आधी कळेल.

पाणलोट

मूळ प्रश्नकर्त्यांनी विचारले होते की गरज संपल्यानंतरही वृत्ती कशातून पुढे जाते. त्याला एक उदाहरण जोडून थांबतो.

पेरूच्या अँडीज पर्वतात आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताचा झुलता पूल आहे. इंका काळापासूनची ही विद्या आहे, आणि गवत कुजते म्हणून पूल दरवर्षी नव्याने विणावा लागतो. जून महिन्यात नदीच्या दोन्ही तीरांवरील चार वस्त्या एकत्र येतात. प्रत्येक घराने ठरलेल्या लांबीची बारीक दोरी आधीच वळून आणायची. त्या दोऱ्यांचे जाड दोर, त्यांचे आणखी जाड, असे करत घळीच्या आरपार ताणता येतील असे दोरखंड तयार होतात, जुना पूल तोडून नदीत सोडला जातो आणि तीन दिवसांत नवा उभा राहतो. ज्या घराने दोरी आणली नाही ते घर चारचौघांत उघडे पडते. २०१३ साली युनेस्कोने या कौशल्याचा आणि विधीचा अमूर्त वारशात समावेश केला.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की गाड्या जाऊ शकतील असा आधुनिक पूल तेथून जवळच कित्येक वर्षांपासून उभा आहे. नदी ओलांडण्यासाठी गवताच्या पुलाची गरज कुणालाच उरलेली नाही. त्या चार वस्त्यांना एकमेकींकडून काम घेण्याचा आणि एकमेकींना काम देण्याचा सराव मात्र दरवर्षी होतो, आणि घरातली मुले दोरी वळायला त्याच वेळी शिकतात. २०२० साली महासाथीमुळे विणकाम झाले नाही. मार्च २०२१ मध्ये एका वर्षाने जास्त जुना झालेला पूल तुटून घळीत कोसळला. त्याच वर्षी जूनमध्ये चारही वस्त्यांनी तो पुन्हा विणला.